दहावीतील मुलगी, अभियांत्रिकीतील मुलगा आणि परदेशातील शिक्षण: खानापूर तालुक्यातील पालकांना उत्तर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमातून दहावीला आहे आणि तिला एक वर्ष परदेशातील शाळेत शिकण्याची इच्छा आहे. मुलगा व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी) संलग्न महाविद्यालयात बी.ई.च्या पाचव्या सत्रात असून त्याला पदवीनंतर युरोपात एम.एस. करायचे आहे. घरी चार एकर भात आणि ऊस, शिवाय एक किराणा दुकान आहे. बेळगावातील एका सल्लागाराने ‘जागा अडवून ठेवण्यासाठी’ दोन लाख रुपये आणि दोन्ही मुलांच्या मूळ गुणपत्रिका मागितल्या आहेत. मुलीला या वयात पाठवावे का, पैसे कोठून उभे करावेत आणि आपण मराठी असल्यामुळे महाराष्ट्र सरकारची शिष्यवृत्ती मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांत आधी सांगतो की ते दोन लाख रुपये देऊ नका आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही हाती सोपवू नका. ज्या कार्यक्रमांविषयी मी पुढे लिहिणार आहे त्यांपैकी एकातही पैसे भरून जागा अडवता येत नाही. तेथे निवड होते आणि खर्चाचा प्रश्न निवड झाल्यानंतरच येतो. परदेशी विद्यापीठांत मुले पाठवणाऱ्या अनेक सल्लागारांना प्रत्येक प्रवेशामागे त्या विद्यापीठाकडून दलाली मिळते. त्यात बेकायदेशीर काही नाही. परंतु जे विद्यापीठ दलाली देत नाही त्याचे नाव अशा कार्यालयात सहसा ऐकू येत नाही, आणि जर्मनीतील सरकारी विद्यापीठे किंवा जपान सरकारची शिष्यवृत्ती नेमकी त्याच गटात मोडते.

गेली बावीस वर्षे मी बेळगावात परदेशी शिक्षणाबाबत मुलांना मार्गदर्शन करण्याचे काम करतो आहे. सीमाभागातील मुलांचे घोडे पैशाअभावी किंवा इंग्रजीअभावी अडते, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव असा की ते बहुतेक वेळा कागदपत्रांपाशी अडते आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणून देशांची नावे घेण्याआधी कागदांविषयी लिहितो, आणि जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी हलग्याची एक विद्यार्थिनी निवडीचे पत्र घेऊन माझ्याकडे आली. तिची कागदपत्रे मी टेबलावर शेजारी शेजारी मांडली. वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. जन्मदाखल्यावर त्याची इंग्रजी अक्षरे ‘डी-एन-वाय’ने सुरू होत होती, कारण तो लिहिणारा माणूस मराठी होता. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या, मार्क्स कार्डावर तेच नाव ‘जे-एन’ने सुरू झाले होते, कारण कन्नडमध्ये ‘ज्ञ’ असाच लिहितात. आपल्या व्हीटीयूच्या ‘ज्ञानसंगम’ परिसराच्या इंग्रजी नावातही हीच अक्षरे दिसतील. आधार कार्डावर पुन्हा तेच नाव हिंदी वळणाने ‘जी-वाय’ने आले होते. आडनाव एका कागदावर शेवटी, दुसऱ्यावर सुरुवातीला आणि तिसऱ्यावर नुसत्या आद्याक्षरापुरते. आपल्या दृष्टीने तो एकच माणूस. व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते तीन वेगळे बाप होते आणि ही मुलगी त्यांपैकी नेमकी कोणाची, याचा पुरावा फाइलमध्ये नव्हता. दुरुस्त्या पूर्ण होईपर्यंत तिच्या कार्यक्रमाची मुदत उलटली. निवड झाली तेव्हाच मी कागद तपासायला हवे होते, ते मी तपासले नाहीत, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीत कागद घेऊनच बोलावतो.

आपल्या मुलीच्या बाबतीत सुदैवाने ही गोष्ट आजही हातात आहे. दहावीच्या परीक्षेसाठी शाळा विद्यार्थ्यांची नावे मंडळाकडे पाठवते, तेव्हा नाव, आईवडिलांची नावे आणि जन्मतारीख तपासण्याची संधी मिळते. तेथे जे छापले जाईल ते पुढे पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी), पदवी, पासपोर्ट आणि व्हिसापर्यंत तिच्यासोबत जाईल. मुख्याध्यापकांना भेटा, छापील यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि प्रत्येक अक्षर आधार व जन्मदाखल्याशी ताडून घ्या. मार्क्स कार्ड हातात पडल्यानंतर हीच दुरुस्ती करायची तर शाळेमार्फत कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि त्यात महिने जातात.

पासपोर्टचेही तसेच. बेळगावात टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे त्यासाठी हुबळी किंवा बंगळूर गाठण्याची गरज बहुधा पडत नाही. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढ्यासाठी असतो. मात्र पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागावा. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. कर्नाटकात आडनावाऐवजी आद्याक्षर लावण्याची रीत असल्यामुळे तो रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. मग अमेरिकेच्या व्हिशावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची तीन अक्षरे छापली जातात. आपण मराठी माणसे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लावतो. पासपोर्टात पहिली दोन एका रकान्यात आणि आडनाव स्वतंत्र रकान्यात, असेच लिहावे.

आता मुलीचा प्रश्न. शालेय वयातील विनिमय कार्यक्रमांत आपल्या भागासाठी सर्वांत जवळचा दरवाजा रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमाचा आहे. बेळगाव, गोवा आणि कोल्हापूर हा पट्टा रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या प्रांतात येतो, त्यामुळे चौकशीसाठी लांब जावे लागत नाही. दीर्घ मुदतीचा कार्यक्रम एका शैक्षणिक वर्षाचा असतो, वयोमर्यादा साधारण पंधरा ते एकोणीस असते, आणि पालक रोटरीचे सभासद असण्याची अट नसते. मूल यजमान कुटुंबात राहते, वर्षभरात बहुधा दोन-तीन कुटुंबे बदलते, आणि तेथील राहणे, जेवण व शाळा यांची व्यवस्था यजमान बाजू करते. विमानाचे तिकीट, विमा, व्हिसा आणि कार्यक्रमाचे शुल्क आपण भरायचे असते. हा खर्च काही लाखांत जातो, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. शिवाय विनिमय म्हणजे देवाणघेवाण असल्यामुळे बाहेरून आलेल्या मुलाला काही महिने आपल्या घरी ठेवण्याची तयारी दाखवावी लागते. खेड्यातील घर चालेल का, असे पालक संकोचून विचारतात. स्वतंत्र पलंग, स्वच्छ न्हाणीघर आणि घरात मायेने विचारपूस करणारे माणूस एवढे असेल तर चालते.

दुसरा दरवाजा एएफएस या संस्थेचा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांनी उभारलेल्या या संस्थेने १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांचे विनिमय सुरू केले आणि तिचे काम भारतातही चालते. अमेरिकी सरकारच्या खर्चाने २००२ पासून चालत आलेला केनेडी-लुगार युवा विनिमय कार्यक्रम भारतात याच संस्थेमार्फत राबवला गेला. त्यात निवड झाली तर प्रवास, शाळा आणि निवास यांचा खर्च कुटुंबावर पडत नाही. त्याचा निधी दरवर्षी अमेरिकेच्या संसदेच्या मंजुरीवर अवलंबून असतो, म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत घोषणा पाहूनच अर्जाचा विचार करावा. अमेरिकेच्या शालेय विनिमय व्हिशाचा एक नियम मात्र आजच लक्षात ठेवा: कार्यक्रम सुरू होताना विद्यार्थ्याचे वय पंधरा ते साडेअठरा असावे लागते आणि त्याची अकरापेक्षा अधिक शालेय वर्षे पूर्ण झालेली नसावी लागतात. म्हणजे पीयूसीचे दुसरे वर्ष पूर्ण झाले की हा दरवाजा बंद होतो. आपल्या मुलीसाठी तो दहावीनंतर किंवा फार तर पीयूसीच्या पहिल्या वर्षानंतर उघडा आहे.

येथे पालकांनी शांतपणे विचार करावा असा एक मुद्दा आहे. विनिमयाच्या वर्षाचे कोणत्याही परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र मिळत नाही. पीयूसीला हजेरीची अट आहे आणि परदेशातील ते वर्ष पीयूसीचे वर्ष म्हणून धरले जाण्याची आशा ठेवू नये. एक वर्ष मागे पडणार, असे गृहीत धरूनच निर्णय घ्या. प्राचार्यांकडून पुनःप्रवेशाचे लेखी आश्वासन घेऊन ठेवा. तोंडी शब्दावर राहिलेल्या दोन मुलांना परतल्यावर जागा शिल्लक नसल्याचे सांगितले गेले होते. मुलगी नीट किंवा सीईटीची तयारी करणार असेल तर मी विनिमयाचा आग्रह धरणार नाही. तिचा ओढा भाषा, समाजशास्त्रे, वाणिज्य किंवा कलाशाखेकडे असेल, तर ते एक वर्ष तिला पुढची दहा वर्षे पुरेल, असे माझे मत आहे.

वर्ष न गमावता बाहेर शिकायचे असेल तर युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसकडे पाहावे. १९६२ मध्ये वेल्समधील अटलांटिक कॉलेजपासून ही चळवळ सुरू झाली, आज जगात तिच्या अठरा संस्था आहेत, आणि त्यांपैकी एक, महिंद्रा कॉलेज, १९९७ पासून आपल्या पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आहे. तेथे दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रम असतो, जो बारावीशी समकक्ष मानला जातो. भारतातील राष्ट्रीय समिती देशभरातून मुले निवडते, त्यांतली काही मुळशीला आणि काही परदेशातील संस्थांत जातात, आणि घरच्या ऐपतीनुसार शिष्यवृत्ती ठरते. अर्ज दहावीचे वर्ष चालू असतानाच करायचा असतो. मुळशीची निवड झाली तरी ते परदेशी शिक्षणच समजा: वसतिगृहात जगभरातील मुले असतात आणि घर रात्रीच्या बसच्या अंतरावर राहते. सोळा वर्षांच्या मुलीला एकदम सातासमुद्रापार पाठवण्यास मन तयार होत नसेल, तर मी हाच मार्ग आधी सुचवेन.

जपान सरकारची शिष्यवृत्ती पीयूसीनंतरची आहे, पण तिची तयारी आजपासून करता येते. पदवीसाठीच्या या शिष्यवृत्तीत शुल्क माफ असते, जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते आणि दरमहा सुमारे १,१७,००० येन निर्वाहभत्ता मिळतो. पहिले वर्ष जपानी भाषेसाठी असते आणि त्यानंतर पदवीचा अभ्यासक्रम सुरू होतो. जागा मोजक्या असतात आणि लेखी परीक्षा कठीण असते. तरीही आपल्या भागातील गणित चांगले असलेली मुले हिची माहितीच नसल्यामुळे अर्ज करीत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

मराठी माध्यमाविषयी आपण संकोचाने लिहिले आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका निवड मुलाखतीला मी निरीक्षक म्हणून बसलो होतो. आधीच्या चार मुलांनी सफाईदार इंग्रजीत पाठ केलेली उत्तरे दिली. पाचवी मुलगी मराठी माध्यमाची. अनोळखी घरात भाषा समजली नाही तर काय करशील, असे तिला विचारले. ती थांबत थांबत, साध्या वाक्यांत म्हणाली की घरी मी मराठी बोलते, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड बोलते, गोव्याची मावशी आली की कोकणी बोलते, आणि यांतली कोणतीच भाषा मी वर्गात शिकून बोलायला लागले नाही. ऐकत राहिले, चुकले, लोकांनी सुधारले. तिची निवड झाली. परक्या घरात वर्षभर राहण्यासाठी जे लागते ते सीमाभागातील मुलांच्या अंगी रोजच्या व्यवहारातून आलेले असते, आणि निवड करणारे तेच शोधत असतात. इंग्रजीसाठी मुलीने रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे आणि आठवड्यातून एक पान स्वतःविषयी लिहावे. पाठ केलेले निबंध मुळीच नकोत.

मुलाच्या बाबतीत वेळ थोडा कमी आहे, पण पुरेसा आहे. प्रथम त्याने महाविद्यालयातील आंतरराष्ट्रीय संबंध विभागात जाऊन परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांची यादी पाहावी. अशा कराराखाली एक सत्र बाहेर काढले तर बहुधा शुल्क आपल्याच महाविद्यालयात भरायचे असते आणि तिकडचे शुल्क माफ होते. निवास व जेवणाचा खर्च आपला. तिकडचे कोणते विषय येथील कोणत्या विषयांच्या जागी धरले जातील, हे जाण्यापूर्वी विभागप्रमुखांच्या सहीने लेखी घ्यावे. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक ही बारा आठवड्यांची संशोधन उमेदवारीही पदवीच्या शेवटच्या टप्प्यातील भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे. ती मिळाली तर पुढच्या प्रत्येक अर्जाला वजन येते.

युरोपातील एम.एस.साठी जर्मनीचा विचार करताना एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारी विद्यापीठांत बहुतांशी शिकवणी शुल्क नाही, हे खरे आहे. परंतु बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे शुल्क सुरू केले आहे. शुल्क नसले तरी व्हिशासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम, म्हणजे ११,९०४ युरो, एका बंदिस्त खात्यात आधी भरून दाखवावी लागते. रुपयांत ती बारा लाखांच्या आसपास जाते. तेथे पोहोचल्यावर त्याच खात्यातून दरमहा ९९२ युरो त्याला खर्चासाठी मिळतात, म्हणजे पैसा त्याचाच राहतो. तरी सुरुवातीला तो एकरकमी उभा करावा लागतो. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचे आहे. पदव्या व गुणपत्रिका खऱ्या असल्याची ही पडताळणी आहे, तिचे शुल्क १८,००० रुपये आहे, आणि तिला वेळ लागतो. व्हीटीयूचे मुख्यालय आपल्याच गावी असल्यामुळे गुणांच्या अधिकृत प्रतींसाठी बंगळूर किंवा मंगळूरच्या मुलांसारखी धावपळ त्याला करावी लागणार नाही, हा फायदा घ्यावा.

इरास्मस मुंडस ही युरोपीय संघाची संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे. विद्यार्थी दोन किंवा अधिक देशांतील विद्यापीठांत शिकतो, शुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी अर्ज करू शकतो. म्हणजे मुलगा सातव्या सत्रात असताना अर्ज जायला हवा आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा व दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे तयार हवीत. आयईएल्ट्सचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे ती आजच देण्याची घाई नको.

पैशांविषयी. महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीची विचारणा आपल्या भागातून मला वारंवार होते आणि दर वेळी उत्तर देताना जिवावर येते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. सीमाभागातील मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात जी स्वतंत्र तरतूद आहे, ती प्रवेशापुरती आहे. तिच्या आधारे ही शिष्यवृत्ती मिळत नाही. दोन्हीकडचे कागद करून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, कारण दोन राज्यांचे अधिवास दाखले एका फाइलमध्ये सापडले तर मुलाचे पुढचे सर्व अर्ज संशयास्पद ठरतात.

आपला हक्क कर्नाटकाच्या योजनांवर आहे आणि तो मागताना मागे राहू नये. अनुसूचित जाती-जमातींसाठी समाजकल्याण विभागाची ‘प्रबुद्ध’ योजना, मागासवर्गीयांसाठी देवराज अरस विकास निगम, आणि मराठा समाजासाठी कर्नाटक मराठा समुदाय विकास निगम अशी ठिकाणे आहेत. या योजनांच्या सूचना बहुधा कन्नडमध्येच निघतात, त्यामुळे आपल्या घरांत त्या वाचल्या जात नाहीत आणि मुदत संपल्यावर कळतात. कन्नड वाचणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला किंवा शिक्षकांना दरमहा एकदा संकेतस्थळ पाहून देण्याची विनंती करा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती कोणत्याही राज्यातील विद्यार्थ्याला खुली आहे: १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आणि उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुलांसाठी, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे, आणि ती फक्त पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहे. नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणारा उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल, तर अधिकृत भाषांतर जोडावे लागते.

कर्ज काढावे लागलेच तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. पीएम विद्यालक्ष्मी योजना केवळ भारतातील निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी तिचा उपयोग नाही. आणि साधारण साडेसात लाखांपुढे बँका तारण मागतात, तेथे शेतजमीन बहुतेक बँकांना चालत नाही. उताऱ्यावर आजोबांच्या पाच मुलांची नावे असतील तर तिचा विचारच नको. बिगरशेती भूखंड, घर किंवा मुदत ठेव चालते. आपण पत्रात एक एकर विकण्याचा उल्लेख केला आहे. जर्मनीतील बारा लाखांसाठी कर्ज आणि मुलाची पुढची कमाई यांचा हिशेब जुळतो. दलालाने सुचवलेल्या महागड्या खासगी विद्यापीठासाठी जमीन विकली तर तो जुळत नाही. जमीन विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आठवड्यात शाळेत जाऊन दहावीच्या नोंदणीची यादी तपासा. त्यानंतर येत्या कोणत्याही शनिवारी दोन्ही मुलांचे जन्मदाखले, आधार, मार्क्स कार्डे आणि जमिनीचा ताजा उतारा यांच्या छायाप्रती घेऊन भेटा. मूळ कागद घरीच ठेवा. दोन्ही मुलांना मात्र सोबत आणा, कारण रोटरी आणि युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या अर्जातील प्रश्नांची उत्तरे मुलीनेच लिहायची आहेत आणि पहिला कच्चा मसुदा तिने माझ्यासमोर बसून, हवा तर मराठीत, लिहावा अशी माझी इच्छा आहे.